धोंडूचे जस्ती डबे

रत्नागिरीच्या बाजारात धोंडूकडून डबा घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत यावं लागे. डबा तयार असला तरी तो लगेच हातात देत नसे. त्यात कोकमाचं आगळ, म्हणजे आंबट रस, ओतून ठेवी, आणि सकाळी गिऱ्हाइकासमोर त्यातलं घोटभर स्वतः पिई. मग आपल्याला काही होतं का याची थोडा वेळ वाट बघे, डबा धुई आणि देई. डबा तांदळाचा असो नाहीतर तेलाचा, यात बदल नसे. नवखे हसत. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे बघत उभी राहत, कारण त्यांना त्या नारळी पौर्णिमेची गोष्ट ठाऊक होती.

धोंडू मांडवीच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. पण समुद्र त्याला सोसला नाही. बापाच्या होडीत पाय ठेवला की उलट्या सुरू होत. सारी आळी हसे. शेवटी बापाने त्याला बाजारातल्या एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याच्या हाताखाली बसवलं, आणि तिथे तो रमला. भात्याचा श्वास, तापल्या पितळेवर टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाचा बोळा फिरवताच भांड्याच्या पोटात उजाडल्यासारखं होणं, हे सगळं त्याला मनापासून आवडलं. पुढे त्याने पत्र्याचं कामही उचललं. घासलेटच्या चिमण्या, बादल्या, पन्हळी, डबे. सांध्यांना त्याने लावलेल्या डाकेतून पाण्याचा थेंब झिरपत नसे, याचा त्याला अभिमान होता.

त्याची धाकटी बहीण गुणवंती त्याच आळीत दिली होती. तिचा नवरा मोरू हा धोंडूचा लहानपणचा सवंगडी, आता आगबोटीवर खलाशी. बसरा, एडन, मोंबासा असं फिरून तो घरी यायचा तो थंडीत. आंब्याच्या दिवसांत तो कायम कुठल्यातरी परक्या बंदरात असे. लग्न झाल्यापासून त्याने घरचा आंबा खाल्ला नव्हता. गुणवंती दरवर्षी पहिला हापूस देवापुढे ठेवी, आणि नंतर स्वतः एखादीच फोड खाई.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची ही गोष्ट. आंब्याचा रस डब्यात बंद करून परमुलखात पाठवतात, असं तेव्हा रत्नागिरीत बोललं जाऊ लागलं होतं. गुणवंतीने ते ऐकलं आणि भावाला गळ घातली. धोंडूने घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, छोटे डबे केले, आटवलेला रस कढत असतानाच भरून झाकणं डाकेने बंद केली. पण पावसाळ्याच्या खाऱ्या दमट वाऱ्याने त्या पत्र्याला बाहेरून गंज धरला, बारीक भोकं पडली, आणि मोरू थंडीत घरी आला तेव्हा कोनाड्यात मुंग्यांची रांग तेवढी उरली होती.

मोरू पोट धरून हसला. "दादा, तुझा डबा तुझ्यासारखाच रे. खारा वारा लागला की ओकतो."

सगळ्यांबरोबर धोंडूही हसला. पण ते वाक्य त्याच्या आत राहिलं.

पुढच्या वैशाखापर्यंत तो पत्र्याचाच विचार करत होता. तांबं मऊ आणि महाग. पितळ जड. साधा लोखंडी पत्रा एका पावसाचा धनी. कल्हईचा विलायती पत्रा बाजारात होता, पण तो घासलेटच्या डब्याचाच भाऊ, त्याची गत त्याने पाहिली होती. मग त्याची नजर विहिरीवरच्या बादलीवर गेली. जस्ती, म्हणजे जस्ताचा मुलामा चढवलेल्या पत्र्याची, त्यानेच केलेली. वर्षानुवर्षं पावसात, खाऱ्या हवेत पडलेली, आणि तिच्यावर उमटलेली जस्ताची फुलं अजून चमकत होती. तो गुणवंतीला म्हणाला, समुद्राला भीक न घालणारा पत्रा हाच.

त्याने जस्ती पत्र्याचे डबे केले. गुणवंतीने रस आटवला, साखर-वेलची घातली. काही डबे घरी राहिले. दोन डबे, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी, शेवटच्या बोटीने मुंबईला गेले. तिथे गावकऱ्यांच्या खोलीवर आळीतलाच रघू राहत असे. मोरूची बोट मुंबईला लागली की डबे त्याच्या हाती द्यायचे, असं ठरलं.

आषाढात घरच्या डब्यांची झाकणं किंचित फुगली. कुणी म्हणालं, आत आंबा श्वास घेतोय. धोंडूने झाकणावर बोटाने टिचकी मारली आणि समाधानाने मान हलवली. आतून एवढा जोर असूनही डाक सुटली नव्हती.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन सगळे परतले. गुणवंतीच्या ओटीवर पानं मांडली. नारळीभाताशेजारी, भर श्रावणात, आंब्याचा रस. डबा फोडताना हलकासा फुस्स आवाज झाला. रंग तसाच होता, वासही जवळजवळ तसाच. जिभेवर मागाहून काहीतरी तुरट रेंगाळत होतं, पण सगळे खात राहिले. श्रावणात आंबा खाताना तक्रार कोण करणार? धोंडूने दोन वाट्या घेतल्या. गुणवंती वाढत होती, ती जेवायची मागे राहिली.

पानं उचलायच्या आधीच पहिली उलटी झाली. ती गुणवंतीच्या मुलीची, शकूची. कुणीतरी म्हणालं, पोरीने अधाशासारखं खाल्लं. तोवर शेजारची काशी भिंत धरून उठली आणि मागच्या दारी पोचायच्या आत कोसळली. मग एकामागून एक सगळेच. ओटीवर, अंगणात, तुळशीपाशी माणसं वाकली होती. आवाज फक्त ओकाऱ्यांचा. शकू आईच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली. हाक मारली तर डोळे उघडत नव्हती.

धोंडूला वाटलं, आपण पुन्हा बापाच्या होडीत आहोत. पोटातलं सगळं गेल्यावर तो रांगतच डब्यापाशी आला. उरलेला रस त्याने मातीत ओतला आणि डबा उन्हाकडे तिरका धरून आत पाहिलं. जस्ताची फुलं गेली होती. जिथवर रस होता तिथवर पत्रा काळवंडला होता, कुणी जिभेने चाटून नेल्यासारखा. त्याच्या वर, झाकणाजवळ, बोटभर पट्टा अजून चमकत होता.

पितळेत आंबट ठेवू नये हे आळीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. कल्हई लावायची ती भांड्याच्या आतून, हे तर त्याचं रोजचं काम. पण डबा त्याच्या मनात भांडं नव्हताच कधी. छपरासारखी, बादलीसारखी त्याला फक्त बाहेरची बाजू होती. समुद्र बाहेरून येतो, म्हणून तो बाहेर पहारा देत बसला होता. आंबा आतून पत्रा खात होता आणि त्याचं जस्त पोटात घेत होता.

गुणवंती शकूच्या तोंडावर पाणी शिंपडत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"दादा," ती म्हणाली, "तिकडे दोन गेलेत."

तो उठला आणि तसाच, ओकारीने भरलेल्या सदऱ्याने, तार ऑफिसच्या रस्त्याला लागला. सणाचा दिवस, पण तारमास्तरांनी त्याच्याकडे बघून खिडकी उघडली. डबे उघडू नका, एवढंच त्याने रघूला कळवलं.

संध्याकाळी शकूने डोळे उघडून पेज मागितली. दोन दिवसांत बाकीचेही उठून बसले. काशीने मात्र त्यानंतर आंब्याला हात लावला नाही. मग रघूचं उत्तर आलं. मोरूची बोट आषाढातच येऊन गेली होती, दोन्ही डबे घेऊन तो गेला. रघू बोट कंपनीच्या दारी जाऊन आला. आंब्याच्या डब्यासाठी समुद्रात निरोप धाडायचा म्हटल्यावर तिथला कारकून हसला.

त्यापुढचे महिने गुणवंती भावाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं धोंडूच्या बायकोला, सखूला वाटे. गुणवंती दुकानावरून जाई, पण मान वळवत नसे. बोटी सुरू झाल्यावर धोंडू मुंबईची आगबोट लागायच्या दिवशी भाता थंड ठेवून बंदरावर जाऊन उभा राही. बोटीवरून माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरणारा प्रत्येक माणूस तो बघे. उरलेले सगळे डबे त्याने खडकावर दगडाने चेचले होते.

मार्गशीर्षात मोरू उतरला. गाल बसले होते, पण पायांवर चालत होता. धोंडूने त्याला खांद्याला धरलं. विचारलं, "डबे?"

"खाल्ले की," मोरू म्हणाला. "पहिला फोडला तो एडनच्या वाटेवर. बोटीवर कुणाला नाय दिला, लपवून खाल्ला. काय ओकलो रे दादा. म्हटलं, तुला हसत आलो जन्मभर, समुद्रानेच सूड घेतलान."

"आणि दुसरा?"

"तो बसऱ्याला. अंगात ताप होता, अन्न जात नव्हतं. म्हटलं, घरचा आंबा पोटात गेला म्हणजे बरं वाटेल." तो थांबला. "तिथे मग इस्पितळात ठेवलंनी. बोटीवरच्या पाण्याचा दोष, असं म्हणाले सगळे."

धोंडू तिथेच, बंदराच्या ओल्या दगडांवर बसला. पहिल्या डब्याने आडवा झालेला माणूस दुसरा डबा औषध म्हणून उघडतो. त्याने बोटीवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, समुद्रावर घेतला. घरच्या आंब्यावर, मेव्हण्याच्या डब्यावर त्याने तो घेतलाच नाही. आता त्याला ते सांगायचं होतं. लोक ट्रंका उचलून बाजूने जात होते आणि मोरू हसत विचारत होता, दादा, जमिनीवरही बोट लागली का तुला?

धोंडूने तिथेच सगळं सांगितलं. मोरूचं हसू हळूहळू गेलं. तो ट्रंक खांद्यावर घेऊन घराकडे चालू लागला, आणि धोंडू त्याच्या मागून, थोडं अंतर ठेवून.

पुढच्या वैशाखात गुणवंती एकदा दुकानात आली. धोंडूने कल्हईच्या विलायती पत्र्याचा डबा केला होता. बाहेरून रंगाचे दोन हात, आतून त्याने स्वतः पुन्हा चढवलेली कल्हई, आणि आदल्या संध्याकाळपासून भरलेलं आगळ. आगळ वाटीत ओतून तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली. तो प्यायला. मग ती समोरच्या पाटावर बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाजार भरला, पांगला. ऊन दुकानाच्या पायरीवरून आत आलं. त्याला काही झालं नाही.

तेव्हा तिने पदराखाली झाकून आणलेलं रसाचं पातेलं भट्टीवर कढवलं, आणि डब्यात ओतण्याआधी एकदा वाकून आत पाहिलं.