वरचा वारा, इथला वारा

वातावरणाचे वरचे थर हा माझा कॉलेजात शिकवायचा विषय, त्यामुळे तोंड उघडायला मला कुठलंही निमित्त पुरतं. उत्तनच्या किनाऱ्यावर एक मावशी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर वाळत टाकत होत्या. मी समजावू लागलो, "खूप उंचावरची विरळ हवा उन्हाने तापते, फुगते आणि दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे वाहते."

त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "वरचा वारा कुठं जातो ते तुला म्हाईत हाय, बाला. इथला न्हाय? बोंबलांचा वास सगळा तुझ्याच शर्टावर चाललाय. मगाशीच सांगनार होते, पन तू थांबशील तवा ना!"

इंद्रलोकमधल्या माझ्या इमारतीत परतलो. मी लिफ्टमध्ये शिरताच आतले दोघे शेजारी बाहेर पडून जिन्याने गेले. वाऱ्याबद्दल त्यांना काहीच शिकवावं लागलं नाही.