शेवटचं पाणी

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पस्तीस वर्षं एकाच विभागात नांदतात. मधली सरहद्द म्हणजे एक लोखंडी कपाट. विभागाच्या इतिहासाची पुस्तिका निघाली आहे. तिच्यात कपाटाचा फोटो आहे, चांगुणामावशींचा नाही.

मावशी बारवी धरणाकडच्या पाड्यातल्या. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेचं काचसामान धुतात. नळाखाली कितीही घासा, अखेरीस डिस्टिल्ड पाण्याने विसळायचंच, हा त्यांचा कायदा. त्याला त्या ‘शेवटचं पाणी’ म्हणतात. "नळीला शेवटचं पाणी पाजलंस का रे?" हे ऐकून नवी मुलं दचकतात आणि शनिवारपर्यंत स्वतःच तसं बोलू लागतात.

यंदा विद्यापीठाची समिती यायची होती. संशोधन केंद्राची मान्यता मिळाली, तर इथल्या मुलांची पीएचडी इथेच होणार. विभागप्रमुख तेजस्वी मॅडमनी आधी भिंती सुधारल्या, मग भाषा.

"मावशी, पाहुण्यांसमोर ते मरणाचं बोलणं नको हं."

"बरं," म्हणून मावशी गप्प झाल्या. शेवटच्या पाण्याचं कोणाला विचारेनाशाच झाल्या.

समितीच्या दिवशी भौतिकच्या बाजूचे शिपाई सुजित मदतीला आले. त्यांनी नळाखाली परीक्षानळ्या अशा चमकवल्या की रुखवतात मांडाव्यात. एमएस्सीची निशा विभागाचं डिस्टिल्ड पाणी किती शुद्ध आहे ते दाखवणार होती. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा; नळाच्या पाण्यातले क्षार असले तर त्याने पांढरट होतं. पाणी नितळ राहिलं पाहिजे.

ते दुधाळ झालं.

"यावर संशोधन करणार?" अध्यक्षांनी चष्मा वर केला. मॅडमनी रसायनाला दोष दिला, सुजितनी नगरपालिकेला.

मावशींनी नळी उजेडात धरली. "मॅडम, बोलू?"

"बोला हो!"

"शेवटचं पाणी राहिलंय."

"कोणाचं?" अध्यक्ष घाबरले.

"नळीचं. नुसती नळावर धुतलीय. हे आमच्या बारवीचं पाणी, साहेब. पिऊन बघा, गोड आहे. पण इथे चालत नाही."

त्यांनी नवी नळी घेऊन डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळली. निशाने थेंब टाकला. नितळ. अध्यक्षांनी खात्रीसाठी दुसरी नळी स्वतः विसळली.

"अजून एकदा," मावशी म्हणाल्या. अध्यक्षांनी निमूट विसळली. तीही नितळ.

मान्यतेचं पत्र आलं. पाठोपाठ बेसिनवर पाटी लागली : ‘अंतिम प्रक्षालन अनिवार्य’.

"मॅडम, म्हणजे काय?" मावशींनी विचारलं.

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. "शेवटचं पाणी."

"मग तसं लिहा ना. पोरांना कळायला नको?"