अर्ध्या बोटाची ढील

आमच्या माघ्याला जगात काहीच ढिलं चालत नाही. मोखाड्याच्या स्टँडवर जीपच्या टपावर सामान बांधायचं त्याचं काम. तांदळाची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, एकदा तर नवरीचं कपाट; त्याने दोर आवळला की घाटात जीप हलेल, सामान हलणार नाही. पण ह्या गड्याला घरीही तोच सोस! खाटेचं सुंभ असं ताणतो की झोपणाऱ्याची पाठ धरते. आणि बायको गोदी कुठं निघाली की एकच टुमणं, "सांजेला परत!"

ह्या उन्हाळ्यात गोदीला वांगणीहून पहिलं बोलावणं आलं, धवलेरी म्हणून. धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, आणि तिथल्या थोरल्या धवलेरीचा आवाज बसलेला. गोदी वेळेवर पोचली नसती तर दुसरी कुणी उभी राहिली असती, मग हिला पुन्हा कोण विचारतंय? तिच्यामागे सूर धरायला मी, तिची शेजारीण मालू. लग्न दोन-तीन दिवस चालतं, तरी माघ्याचं "सांजेला परत" होतंच.

त्याची जुनी बुलेट खडखडत होती. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी आतली चेन सैल पडलेली. गॅरेजवाल्या रूपेशने ती नीट बसवली आणि गोदीच्या देखत बजावलं, "जिथं सगळ्यात जास्त ताणते, तिथंसुद्धा ती अर्धं बोट वरखाली हलली पाहिजे. गाडी तापली की अजून ताण येतो."

हे माघ्याला पटेल तर शपथ! "हलली पाहिजे म्हणे! असं सामान बांधलं तर जीपवाला मला उभा तरी करील का?" घरी येऊन पठ्ठ्याने ती स्वतः आवळली, खाटेच्या सुंभासारखी.

हळदीच्या सकाळी आम्ही तिघं एकाच गाडीवर निघालो. वावर गावाच्या पुढे चढ लागला आणि गाडी रडायला लागली. कूंऽऽ! गोदी सूर लावी, गाडी त्याच्यावर ओरडे. अर्ध्या चढावर डावीकडचं झाकण एवढं तापलं की माघ्याच्या पायाला चटका बसला.

"उतर," गोदी म्हणाली. "चेन ढिली कर."

"ढिली केली तर तुटेल."

"अरे मुडद्या, आवळूनच तुटायला आलीय! आज मी पोचले नाही तर बघच!"

तिचे डोळे भरले होते. माघ्या पाने काढून खाली बसला. गाडी निवल्यावर पायदान सोडलं, झाकण सोडलं, तर आतलं तेल धरायला भांडं नाही. घेतला ना माझा नवा डबा! लाडू पदरात घेऊन मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग चावी काढून तो किक हळू दाबत चेन फिरवी आणि गोदी थांबून थांबून बोटाने हलवून बघे. अर्धं बोट ढील मिळाली तेव्हाच तिने झाकण लावू दिलं. डब्यातलं तेल परत ओतलं आणि गाडी गुमान चढली.

मांडवात हळद नुकतीच वाटायला घेतली होती. गोदीने पहिलं गाणं उचललं तशा म्हाताऱ्या बाया माना डोलवायला लागल्या. मी मागून सूर धरला.

उन्हं कलली. माघ्या चावी घेऊन मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. साऱ्या बाया बघायला लागल्या. त्याने दोनदा घसा खाकरला.

"गोदे," तो म्हणाला, "किती दिवसांनी येऊ?"

गोदीने गाणं तोडलं नाही. फक्त हात वर करून बोटं दाखवली. अर्धं नाही, चांगली दोन.