फायनलची हद्द

केजच्या तहसिलीसमोर लिंबाखाली मन्मथआप्पांचं टेबल होतं. त्यावर दोन टाइपरायटर, एक मराठी आणि एक इंग्रजी, आणि सुतळीने बांधलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश. आप्पांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली. इंग्रजी ते नंतर स्वतःच शिकले. १९९४ साली त्यांना एकसष्टावं वर्ष होतं आणि कोणताही कागद दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय ते टाइपरायटरला हात लावत नसत. शेजारचा टंकलेखक शहादेव तेवढ्यात दोन अर्ज हातावेगळे करायचा आणि वर विचारायचा, "आप्पा, अर्ज वाचता का कुंडली?"

त्या श्रावणात मंगल आली. वय सव्वीस, डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. अपंगांसाठी राखलेला टेलिफोन बूथ मिळावा म्हणून तिने अर्ज केला होता. बूथ मिळाला नाही तर दसऱ्यानंतर भावाच्या ऊसतोड टोळीबरोबर साखर कारखान्यावर जायचं आणि सहा महिने कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, त्याची पोरं सांभाळायची, असं घरात ठरलं होतं. ती आधी शहादेवकडे गेली होती. त्याने इंग्रजी पत्रावर नजर टाकून सांगितलं, नामंजूर.

"शहादेवभाऊ म्हणले, फायनल हाय. आता काय बी व्हत न्हाई."

"त्याचं सगळंच फायनल असतं," आप्पा म्हणाले.

"असंलच की!" शहादेव तिकडून ओरडला. "खालून दुसरी ओळ वाचा. मी लिवली का ती?"

आप्पांनी वाचली. अपंगत्वाचा दाखला जोडलेला नाही, सबब अर्ज नामंजूर. हा निर्णय फायनल आहे.

"दाखला जोडला व्हता. ह्यो बघा, नक्कल हाय माझ्यापाशी."

"पाकीट दे."

"पाकीट कावून?"

"तारीख बघायची. पत्र केव्हा आलं ते."

'फायनल' हा शब्द आप्पांना सदतीस वर्षांपासून ओळखीचा होता. चोविसाव्या वर्षी त्यांनी धारूरच्या उत्तरेश्वर नावाच्या चौकीदाराला असंच एक पत्र वाचून दाखवलं होतं. त्याला नोकरीवरून काढलं होतं आणि हुकूम फायनल होता. आप्पांनी लगेच उर्दूत भाषांतर केलं, "कतई," म्हणजे कायमचा. उत्तरेश्वर उठला, बिऱ्हाड उचलून परमुलखात गेला. दोन वर्षांनी बीडच्या एका वकिलाकडून आप्पांना कळलं की, त्या हुकुमावर नव्वद दिवसांत वर दाद मागता आली असती. नव्वद दिवस केव्हाच उलटले होते. आप्पांनी महिन्याच्या कमाईतून शब्दकोश घेतला तो तेव्हाच.

कोशात 'फायनल'चं मूळ लॅटिन दिलं होतं. तिथला मूळ शब्द म्हणजे हद्द, शीव. शेवट हा अर्थही त्यातच. त्याच्याही मागचं नक्की सांगता येत नाही, असं कोशकाराने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. उर्दूतला 'कतई' मात्र कापण्यावरून आला. कापलेलं तुटतं, त्याला पलीकडची बाजू राहत नाही. हद्दीला राहते. आपण उत्तरेश्वरला शीव दाखवायच्या जागी सुरी दाखवली, हे आप्पांना तेव्हा समजलं. पुढे केजात सोयरिकी फायनल होऊ लागल्या, जीपवाले "फायनल सांगा, येता का?" म्हणू लागले, मतदारयाद्या फायनल होऊन पुन्हा दुरुस्त होऊ लागल्या. प्रत्येक वेळी आप्पा एकच पाहत: कोणाच्या हद्दीत?

मंगलला त्यांनी एवढंच सांगितलं, "ज्याने सही केलीय तो खालचा साहेब. त्याच्या हद्दीत हे संपलं. त्याच्या वरचं कार्यालय बीडला."

"तिथं अर्ज चालतो?"

"पत्रात तसं लिहिलेलं नाही. चालावा असं मला वाटतं. मी चुकलो तर तुझा फेरा वाया."

"वाया तर वाया. टाइप करा तुमी."

"बीडला कोण जाणार?"

"म्या. पाय लंगडा हाय, तोंड न्हाई."

शहादेव हसला, पण यंत्र थांबवून ऐकत राहिला.

अर्जात आप्पांनी विनवणीचा एक शब्द घातला नाही. दाखल्याचा क्रमांक, तारीख, नक्कल सोबत, फेरतपासणी व्हावी. मंगल दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेली. बीडच्या कारकुनानेही तिला सांगितलं, बाई, हे फायनल झालंय, अर्ज घेता येत नाही. ती म्हणाली, घेत न्हाई असं लिहून शिक्का मारून द्या, मग जाते. तसं लिहून द्यायला कोणी तयार होईना. ती दारातल्या बाकावर बसून राहिली. साडेतीन वाजता अर्जावर आवक क्रमांक पडला.

दाखला दुसऱ्याच कोणाच्या फायलीत सापडला. सहा आठवड्यांनी, घरात बिऱ्हाडाची बांधाबांध चालू असताना, पत्र आलं: बूथ मंजूर, पण पंधरा दिवसांत पक्क्या जागेचा भाडेकरार दाखल करावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंगल पिठाच्या गिरणीच्या मालकाला घेऊन लिंबाखाली हजर झाली. गिरणीच्या ओट्यावरची चार बाय चार फूट जागा तिने ठरवली होती. आप्पांनी मराठी यंत्रात कागद चढवला. मुदतीतले बारा दिवस अजून शिल्लक होते.