पहिल्या फेरीत नाव आलं नाही

दादा अमेरिकेला शिकायला गेला त्या वर्षी आमच्या घरात अमेरिकन फुटबॉल आला. तोपर्यंत या बेटाएवढ्या देशात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खेळ म्हणजे क्रिकेट. दादाचं कॉलेज मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावात होतं. त्या गावात जेवढी माणसं राहत, त्याहून जास्त स्टेडियममध्ये मावत. तिकडच्या शनिवार संध्याकाळचे सामने आमच्याकडे रविवारी सकाळी दिसायचे. मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचे, आई पोह्यांच्या बशा आणायची आणि सगळे सोफ्यावर बसायचो. आईबाबांना सामना बघायचाच नव्हता. त्यांना प्रेक्षकांत दादा दिसतो का ते बघायचं होतं.

"तो बघा, तो! वरच्या रांगेत, पिवळा टी-शर्ट."

"आई, सगळेच पिवळ्या टी-शर्टात आहेत."

"माझा मुलगा मला ओळखता येत नाही का? मान बघ, तश्शीच वाकडी करून उभा आहे."

आईला त्या हंगामात दादा निदान पाच-सहा वेळा दिसला. एकदा तर तो बाजूच्या मुलीशी बोलताना दिसला आणि तिने दिवसभर त्या मुलीची काळजी केली. दादा मात्र एकाच सामन्याला गेला होता. थंडी वाजली म्हणून अर्ध्यातून परत आला. हे मला माहीत होतं, कारण मी त्याला चॅटवर विचारलं होतं. "स्लीपिंग लाह," बाकीच्या शनिवारांबद्दल त्याने आमच्या इथल्या इंग्रजीत लिहिलं होतं, "डोंट टेल आई." मी सांगितलं नाही. आमच्या घरात मला लोक गोष्टी सांगत, कारण मी त्या कुणाला सांगत नसे.

बाबांनी नियम क्रिकेटमधून समजून घेतले. "चार चेंडूंची ओव्हर. चार चेंडूंत दहा यार्ड काढले नाहीत की बॅटिंग दुसऱ्याला."

"आणि दर चेंडूनंतर जाहिरात," आई म्हणायची. "ही माणसं खेळतात कमी आणि कमरेवर हात ठेवून उभी राहतात जास्त."

पुढे आईने बघणं सोडलं. बाबा आणि मी राहिलो. आम्हा दोघांना एकत्र करायला दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे रविवार मला आवडायचा. आम्ही फार बोलायचो नाही. बाबा चहा ओतायचे, मी स्ट्रीम अडकली की पुन्हा लावायचे.

शाळा संपल्यावर मलाही त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. मार्क दादापेक्षा बरे होते. बाबा पत्र वाचून खूश झाले, पेढे आणले. आठवड्याने म्हणाले, "दोघंही एकदम तिकडे गेलात तर आईने काय करायचं? आधी दादाचं मार्गी लागू दे. डिग्री इथे कर. मास्टर्सला तू तिकडे. शब्द देतो." इथल्या युनिव्हर्सिटीत मला जागा मिळाली होतीच. सगळे म्हणाले, इथली तर जगात नावाजलेली आहे. ते खरंही होतं. त्यामुळे मला वाईट वाटायला कारणच उरलं नाही.

त्याच वर्षी त्या कॉलेजच्या संघात एक नवा मुलगा आला. प्रचंड देहाचा, मान खाली घालून चालणारा. मी गेले असते तर आम्ही एकाच बॅचचे झालो असतो. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पाठीमागचं दिसत नाही, त्या बाजूने येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्याचं काम. चेंडू त्याच्या हातात कधी येत नाही. त्याच्याकडून कुणी निसटलं तरच कॉमेंटेटर त्याचं नाव घेतात. चार वर्षांत मी त्याचं नाव फार वेळा ऐकलं नाही. मी चेंडूकडे न बघता त्याच्याकडे बघायला शिकले. बाबा त्याला 'आपला पहिलवान' म्हणायचे. "पहिलवान काय म्हणतोय?" हा आमचा रविवारचा पहिला प्रश्न असे.

मी बसने लेक्चरला जायचे आणि मनात त्याचा हंगाम मोजायचे. तो दुसऱ्या वर्षात, मी दुसऱ्या वर्षात. त्याचा गुडघा दुखावला तेव्हा माझं इकॉनॉमिक्स राहिलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मधल्या काळात दादा पास झाला, दुसऱ्या किनाऱ्यावरच्या शहरात नोकरीला लागला, आणि त्या गावात आमचं कुणी राहिलं नाही. तेव्हा ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली नाही. उलट वाटलं, दादाचं मार्गी लागलं. आता माझी पाळी.

शेवटच्या वर्षी मी त्याच कॉलेजात मास्टर्ससाठी अर्ज केला, संख्याशास्त्राला. प्रवेश मिळाला. बाबा म्हणाले, "वा!" आणि बघू म्हणाले. उत्तर द्यायची मुदत मे महिन्याच्या सुरुवातीला संपत होती आणि बाबा बघतच होते.

पहिलवानाचा ड्राफ्ट त्याच आठवड्यात होता. ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंमधून एकेक मुलगा उचलतात. सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाची पाळी पहिली. मुलाला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही. ज्यांची नावं लवकर येणार असं वाटतं त्यांना आईवडिलांसकट बोलावतात, टेबलापाशी बसवतात, टेबलावर फोन असतो. फोन वाजला की झालं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची शुक्रवार सकाळ, आणि त्या शुक्रवारी कामगार दिनाची सुट्टी होती. बाबा खालच्या कॉफीशॉपमधून पराठा घेऊन आले आणि आठ वाजता माझ्या शेजारी येऊन बसले.

पहिलवान नव्या सुटात होता. सूट खांद्यांवर ताणला होता. त्याची आई एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात त्याची बाही धरून बसली होती. एकेक नाव येत होतं, एकेक टेबल उठत होतं, मिठ्या मारत होतं. त्याचं टेबल कॅमेऱ्यात पुन्हापुन्हा येत राहिलं, कारण तो उठत नव्हता. तज्ज्ञ म्हणाले, त्याचे हात लहान आहेत. त्या जागेला लांब हात लागतात.

बाबा भडकले. "हात लहान? चार वर्षं ह्याच हातांनी अडवलं ना सगळ्यांना? एवढं ज्याने करून दाखवलं, त्याला आता टेप लावून मोजताय?"

आई आतून म्हणाली, "अहो, ओरडता कशाला? त्याला ऐकू जातंय का?"

"अगं, अन्याय आहे हा! पोराने काय करायचं बाकी ठेवलंय?"

मी बाबांना इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलं होतं. मला वाटलं, हीच वेळ आहे. आज त्यांना कळेल.

"बाबा, मला सोमवारपर्यंत उत्तर पाठवायचंय."

"कसलं?"

"मास्टर्सचं."

त्यांनी पराठ्याचा तुकडा रश्श्यात बुडवला. नजर टीव्हीवरच होती. "हो, ते. काल दादाशी बोललो मी. तो म्हणाला, ते गाव अगदीच लहान आहे. करण्यासारखं काही नाही. थंडी भयंकर."

"थंडी त्याला वाजते," मी म्हटलं.

"तसं नाही गं. तो तिथे होता तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तिथे आपलं कोण आहे?"

"तो होता तेव्हा तुम्ही म्हणालात, दोघं एकदम नको."

"म्हणालो असेन. तेव्हा ते बरोबर होतं."

आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "एकटी मुलगी, बर्फात पडलीस-बिडलीस तर बघायला कोण?" ती म्हणाली. "आणि इथे काय कमी आहे?"

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले. "इन्शुरन्स कंपनीवाले तुला नोकरीला घ्यायला तयार आहेत. क्वीन्सटाउनला, माझ्या ऑफिसच्या अगदी पलीकडे. सकाळी दोघं एकत्र जाऊ. दोन-चार वर्षं अनुभव घे, मग बघू. मास्टर्स काय, पळून जातंय?"

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सगळं इंग्रजीत होतं, नीट लावलेलं, मुद्द्यांसकट. घरात वाद मराठीत होतात, आणि मराठीत मला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं.

"ओके," मी म्हटलं.

"शहाणी आहे माझी," बाबा म्हणाले आणि लगेच पुढे सरकले. "श्श! फोन वाजला बघ! त्याचाच का?"

त्याचा नव्हता. पलीकडच्या टेबलाचा होता. फेरी संपली. पहिलवानाने आईचा रुमाल घेऊन स्वतःचं कपाळ पुसलं, उठला, खुर्ची नीट आत सारली आणि निघून गेला. बाबा किती तरी वेळ हळहळत होते. "आशा लावायची आणि मग असं करायचं. त्यापेक्षा बोलवायचंच नाही ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखर त्याच्याचबद्दल बोलत होते.

दुपारी बाबा म्हणाले, "त्या लोकांना नीट कळवून टाक. असंच सोडू नये, पुढे कधी उपयोग होतो. तुझं इंग्लिश छान आहे." मी लिहिलं. घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही, संधीबद्दल आभारी आहे. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "परफेक्ट."

शनिवारी सकाळी दुसरी फेरी होती. मी खोलीत होते. साडेसातच्या सुमारास हॉलमधून बाबांचा आवाज आला, "अगं ये, ये लवकर! घेतलं त्याला! आपल्या पहिलवानाला घेतलं!"

मी बाहेर गेले. आईसुद्धा स्वयंपाकघरातून आली होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा संघाने त्याला घेतलं होतं. मैदानात बर्फ साचतं, असं कॉमेंटेटर सांगत होता. या वेळी तो स्वतःच्या घरी होता आणि टी-शर्टात होता, त्याचे काका-मामा त्याच्या अंगावर पडत होते.

"मरणाची थंडी आहे तिथे," बाबा हसत म्हणाले, "पण राहील. सवय होते. तरुण वय आहे." आई म्हणाली, "बाई, त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला असेल," आणि शिरा करायला आत गेली. शिरा चांगला झाला होता. मी दोनदा घेतला.

त्यानंतरच्या हंगामात मी सामने लावले नाहीत. पहिल्या रविवारी बाबांनी दारावर टकटक केलं. मी म्हटलं, झोपायचंय. मग ते लॅपटॉप स्वतःच जोडायला शिकले. सोमवारी सकाळी ट्रेनमध्ये जुरोंग ईस्टला गाडी बदलली की ते मला सामना सांगायचे, कोण पडलं, कुणी पकडलं, पहिलवानाला नव्या संघात खेळवलं की नाही. क्वीन्सटाउनपर्यंत ते बोलत असायचे. मी हं हं करायचे.

एकदा ते आईला सांगत होते, "हिला आता त्यात रस राहिला नाही. पूर्वी किती वेड होतं!"

"मोठी झाली ती," आई म्हणाली.

मी शेजारच्या खोलीत ऑफिसचे कपडे इस्त्री करत होते. बाहेर जाऊन काही तरी सांगावं असं एकदा मनात आलं. मग बाहीची घडी नीट बसत नव्हती, ती पुन्हा घातली.