क्लोज म्हणजे बंद

इंग्रजी शिकवण्यावर माझं पोट आहे, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत मी जरा खाष्टच आहे. आठवीच्या वर्गात दरवर्षी एक शब्द मी मुद्दाम फळ्यावर लिहिते आणि अर्थ विचारते: क्लोज. अख्खा वर्ग ओरडतो, "बंद, मैडम!" मग मी सांगते की बंद करायचं असेल तर शेवटी झ म्हणा आणि जवळचा म्हणायचं असेल तर स. क्लोझ आणि क्लोस. मुलं दोन्ही वेळा क्लोजच म्हणतात. जबलपुरात दुकान क्लोज असतं, बँकेतलं खातं क्लोज होतं आणि जिवलग मैत्रीणसुद्धा क्लोजच असते. इतकी वर्षं घसा कोरडा केला, पण तो स काही कोणाच्या तोंडून निघाला नाही.

शब्दाची कुळकथा सांगायला लागले की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात, तरी मी सांगतेच. लॅटिनमध्ये बंद करणे या अर्थाचं एक क्रियापद होतं. ते फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत आलं, तेव्हाही अर्थ बंद, कोंडलेलं, कुंपणातलं असाच होता. करारातलं कलम, म्हणजे क्लॉज, तेही याच घरातलं. जवळचा हा अर्थ मागाहून चिकटला. दोन वस्तूंमधली फट बुजवली की त्या एकमेकींना टेकतात, एवढाच त्यातला तर्क. आधी बंद, मग जवळ.

हसायचं कारण नाही, आपला पाठ हा शब्दही काही कमी नाही. पाठची बहीण म्हणजे आपल्या मागून जन्मलेली, सगळ्यांत जवळची. आणि पाठ फिरवली म्हणजे कारभार आटोपला. तोंडपाठातला पाठ वेगळ्या मुळाचा आहे, पण कानाला तेवढं कुठे कळतं?

माझी मावशी आईच्या पाठची. दोघींत दीड वर्षाचं अंतर. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यात राहायची आणि आजी तिच्याकडे असायची. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, कारण वडील फॅक्टरीत होते. मधे पाऊण तासाचा रस्ता. माझी बी.एड.ची परीक्षा चालू होती तेव्हा आजीला न्यूमोनिया झाला. आजीनं मावशीला बजावलं, "मोठीला कळवू नको. ती धावत येईल अन् पोरीचं वर्ष बुडेल." मावशीनं ऐकलं. चौथ्या दिवशी आजी गेली. निरोप घेऊन निघालेला माणूस आमचं क्वार्टर शोधत भलत्याच लायनीत फिरत बसला. सूर्य मावळायच्या आत उरकायचं म्हणून मंडळी थांबली नाहीत. आम्ही गढ्यात पोचलो तेव्हा घाटावरून परतलेली माणसं नळावर आंघोळी करत होती.

आई रडली नाही. अंगणात उभी राहून मावशीला म्हणाली, "ती म्हणाली अन् तू ऐकलंस? जाणारं माणूस काहीही म्हणते. असलं ऐकायचं नसते!" मावशी काहीतरी बोलायला गेली. आई चपला घालून निघालीसुद्धा. ती पुन्हा त्या घरी गेली नाही.

बावीस वर्षं. एकदा दोघी सराफ्यात समोरासमोर आल्या, तर आई शेजारच्या चपलांच्या दुकानात शिरली आणि नको असलेला एक जोड घेऊन बाहेर पडली. तो तिला चावायचा, तरी तिनं तो झिजवला. वडील गेले तेव्हा मावशी आली, दारातच बसली आणि दारातूनच परत गेली. त्याच संध्याकाळी आईनं मला समोर बसवलं. म्हणाली, "मी मेले तरी तिला कळवायचं नाही. शब्द दे." मी दिला. खरं सांगायचं तर मला तो जड गेला नाही. परीक्षा माझी होती. जो दोष माझ्या वाट्याला यायचा तो मावशीच्या पदरात पडला होता, आणि तो तिथेच राहिला तर माझी काही हरकत नव्हती.

मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. वय शहात्तर, साखर वाढलेली, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की जोखीम आहे. भरती करायच्या दिवशी मी तिला काउंटरपाशी खुर्चीवर बसवलं आणि स्कूटी लावायला गेले. परत आले तर काउंटरवरचा भैया गालातल्या गालात हसत होता. फॉर्मवर क्लोज रिलेटिवच्या रकान्यात मावशीचं नाव, आणि पुढे मोबाइल नंबर.

"आई, हे काय?"

"त्यानं विचारलं, क्लोज रिलेटिव कौन? मी म्हटलं, क्लोज तो एक ही है, मेरी बहन. बाईस साल से क्लोज है."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया फिसकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंग्रजीच्या मास्तरणीची आई! मी तिथल्या तिथे तिचा वर्ग घेतला. स आणि झ, जवळचा आणि बंद, सगळं. ती पदराशी चाळा करत गरिबासारखी ऐकत होती. "अच्छा, असं आहे होय," म्हणाली. "मला काय माहीत, बाई. मी तर समजले, ज्यांच्याशी बंद आहे ते विचारून राहिला."

मी भैयाला म्हटलं, नाव काटून टाका. तो म्हणाला, "मैडम, सिस्टम में चढ़ गया, अब नहीं कटेगा. आपका नीचे जोड़ देता हूँ. माताजी की याददाश्त तगड़ी है, नंबर मुँहज़बानी बोल दिया." मी हो हो म्हटलं. दहा आकडे आणि तेही तोंडपाठ, हे माझ्या कानांवरून गेलं आणि मी त्याचा काहीच विचार केला नाही. डोक्यात एकच होतं, कोण कशाला फोन करतंय तिला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी खोलीचं दार ढकलून मावशी आली. हातात स्टीलचा डबा, केस पार पांढरे. मी उठून उभी राहिले. मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दवाखान्यानं बोलावलं." आणि तिथेच उंबऱ्यात थबकली. तिला वाटलं असेल, इथूनही परत जावं लागतंय. मलाही तेच वाटलं. आई एवढ्या मोठ्यानं काही बोलेल की सिस्टर धावत येतील, अशा तयारीनं मी होते.

आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "दारात काहून उभी राहिली? दार क्लोज कर अन् इकडे ये. एसी वाया चालला."

मावशीनं दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसली. डब्यात शिरा होता. आईला पाणीसुद्धा प्यायची बंदी होती, त्यामुळे तो मीच खाल्ला, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे दोघी गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. कोणाचा उजवा दुखतो, कोणाचा डावा. आजीचं नाव निघालं नाही. मग आई मला म्हणाली, "चल, तू औषधं पाहून ये," आणि मी बाहेर पडले. अर्ध्या तासानं परत आले तर मावशी आईची वेणी घालत होती.

ऑपरेशन सुरळीत झालं. पुढे दोन वर्षं मावशी दर गुरुवारी ई-रिक्षानं आमच्याकडे यायची आणि दोघी दिवसभर भांडायच्या. डाळ पातळ झाली, पंखा फास्ट आहे, तुला काहीच समजत नाही. मी शाळेतून आले की फाटकापर्यंत त्यांचे आवाज ऐकू यायचे. आई गेली तेव्हा मावशी उशाशी होती. तोंडात नर्मदेचं पाणी तिनंच घातलं.

क्लोजचा किस्सा मी त्या दोन वर्षांत किती जणांना सांगितला असेल, मोजदाद नाही. स्टाफरूममध्ये तर फर्माईश व्हायची. आईच्या आवाजाची नक्कल मला झकास जमायची. आईसमोरही मी तो सांगायचे, आणि ती म्हणायची, "हो बाई, आम्ही अडाणी." तेराव्याच्या दिवशी नागपूरकडची मंडळी जेवून पानं खात बसली होती, तेव्हा मी तो पुन्हा सांगितला. आईनं चूक केली, दवाखान्यानं त्या नंबरावर फोन लावला आणि बावीस वर्षांचं भांडण एका चुकीच्या शब्दानं मिटलं. सगळे डोळे पुसत हसले. मावशी तेवढी ताटं उचलून आत गेली.

मी तिच्या मागून गेले. मला वाटलं, दुखावली. ती मोरीपाशी ताटांतलं खरकटं काढत होती.

"मावशी, रागावलीस का?"

"रागवायचं काहून? सांग ना तू. तिला आवडायचं, तू सांगायची ते." तिनं नळ बंद केला. "पण मला दवाखान्यातून कोणाचाच फोन आला नाही."

"मग?"

"तिचाच आला होता. आदल्या दिवशी, तू घरी कपडे आणायला गेली होतीस तेव्हा. म्हणाली, उद्या पोट कापून राहिले, ये. मी म्हटलं, पोरगी काय म्हणेल? तर म्हणाली, तिला सांग दवाखान्यानं बोलावलं, फॉर्मवर तुझं नाव मी टाकून ठेवलं आहे."

मी म्हटलं, "मलाच सांगायचं ना. मी केला असता की फोन."

मावशीनं हात पदराला पुसले.

"तेच म्हटलं मी तिला, पोरीला लावू दे ना फोन. तर म्हणाली, ती नाही कळवायची. मी शब्द घेऊन ठेवला आहे, अन् पोरगी शब्दाची पक्की आहे."