अण्णाचे पाय

महिना होत आला, तरी राग उतरत नाही. निपाणीच्या शाळेत माझा वर्ग चालू असताना शहापूरहून चुलतभाऊ सर्व्हिस मोटारनं आला आणि दारातूनच म्हणाला, "चल लवकर. अण्णाच्या पायाची शीर फुटली, लई रक्त गेलं... अण्णा न्हाय राहिला." माझा थोरला भाऊ पायाच्या शिरेनं गेला, हे मला अजून पटत नाही.

अण्णा विणकर. पोरवयातच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, आयुष्यभर पायानं मागाच्या पावड्या दाबत राहिला आणि विणलेल्या लुगड्यांवर मला मास्तर केलं. चाळिशीत त्याच्या पिंढऱ्यांवर करंगळीएवढ्या निळ्या शिरा फुगल्या, संध्याकाळी घोटे सुजू लागले. मी त्याला बेळगावात डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "लिंबाच्या सालीत बारीक रक्तवाहिन्या बळकट करणारं काहीतरी असतं, असं परदेशात निघालंय. त्याचं औषध युद्धामुळं इकडं येत नाही. साल खाऊन बघा, गुण येईलच असं नाही. खरा उपाय एकच. निजताना उशीवर पाय उंच ठेवा. शीर फुटलीच तर आडवं निजवून पाय वर धरायचा, घट्ट दाबायचा."

सालीचं खूळ गल्लीनं नुसतं डोक्यावर घेतलं. ज्याच्या घरी लिंबू पिळलं जाई, तो साल आणून देई. अण्णा ती कडू साल मुकाट्यानं चावी आणि विचारी, "सूज उतरल्यासारखी वाटत्या न्हवं रं?" उतरलेली नसायची. उशीचं नाव काढलं, की मात्र सगळे विषय बदलत. खोली चिंचोळी, एका टोकाला माग, दुसऱ्या टोकाला देव्हारा. अण्णा मध्ये अंग मुडपून निजायचा.

"माग म्हंजे लक्ष्मी. तिच्याकडं पाय वर करून झोपू?"

"आणि दिवसभर तिलाच पायानं दाबतोस, ते?"

"ते काम हाय रं."

देव्हारा हलवा म्हटलं, तर घरातले वडीलधारे, आमचे चुलते, ताडकन उठून गेले. मग मीही गप्प बसलो. शिकलेला मी, भांडलो नाही! त्याची चीड सगळ्यांत जास्त येते.

त्या दिवशी शीर मागावरच फुटली. वहिनी ओरडत होती, "निजवा त्यास्नी, पाय वर धरा!" चुलते म्हणाले, "मागाकडं पाय नगंत. बसतं करा." चौघांनी त्याला धरून खड्ड्याच्या काठावर बसवलं, पाय खाली सोडून. डॉक्टर येईतो सारं आटोपलं होतं. दाबून पाय उंच धरला असता, तर वाचला असता, म्हणाले.

मी पोचलो तेव्हा अण्णाला रीतीप्रमाणं दक्षिणेकडं पाय करून निजवलं होतं. दक्षिणेला माग. त्याचे पाय सरळ मागाकडं होते, आणि चुलत्यांसकट कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. वहिनी उठली. आतून उशी आणली, अण्णाचे दोन्ही पाय उचलून त्यांच्याखाली सारली, आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत तिथंच बसून राहिली.